पक्षीनिरीक्षणाची दुर्बीण : कमी पैशांत नेमके काय घ्यावे

प्रत्येक दुर्बिणीवर दोन आकडे छापलेले असतात : ८×४२, ८×३२, १०×५०. पहिला आकडा विवर्धनाचा. आठ पटींच्या दुर्बिणीतून ८० मीटरवरची टिटवी १० मीटरवर उभी असल्यासारखी दिसते. दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. भिंग जितके रुंद, तितका जास्त प्रकाश आत येतो आणि तितकेच दुर्बिणीचे वजनही वाढते. चित्राचा उजेड, हातातली स्थिरता आणि गळ्यावरचा भार यांचा हिशेब या दोन आकड्यांपासून सुरू होतो.

मात्र तो तिथे संपत नाही. ८×४२ याच मापाची दुर्बीण तीन-चार हजारांतही मिळते आणि युरोपातल्या नामांकित कंपनीची घ्यायची तर लाखाच्या वर जाते. दोन्हींवरचे आकडे तेच असतात. किमतीतला फरक आतल्या काचेत, काचेवरच्या लेपांत आणि जुळणीत दडलेला असतो. बजेट बेताचे असेल तेव्हा हा न दिसणारा भाग समजून घेणे जास्त गरजेचे, कारण स्वस्त दुर्बिणीत कुठेतरी काटकसर केलेली असतेच. ती कुठे केलेली चालते आणि कुठे चालत नाही, हे कळले की निवड सोपी होते.

आठ पट की दहा पट?

दुकानात गेलेल्या नव्या माणसाचा हात आधी मोठ्या आकड्याकडे जातो. आठपेक्षा दहा चांगली, दहापेक्षा बारा, असा सरळ हिशेब मनात असतो. पण दुर्बीण पक्ष्याबरोबर हाताची थरथरही तितक्याच पटींनी मोठी करते. श्वास, हृदयाचे ठोके, चढ चढून आल्यावरची धाप हे सगळे चित्रात उतरते. आठ पटींपर्यंत बहुतेकांना दुर्बीण हातात स्थिर धरता येते. दहा पटींना सराव आणि कोपरांना आधार लागतो. बारा पटींच्या पुढे तिपाई नसेल तर वाढलेल्या विवर्धनाचा बराचसा फायदा थरथरीत वाया जातो.

दुसरा तोटा दृष्टिक्षेत्राचा. दुर्बिणीतून एका वेळी किती रुंद भाग दिसतो, त्याला दृष्टिक्षेत्र म्हणतात. खोक्यावर ते १००० मीटर अंतरावरच्या रुंदीत किंवा अंशांत दिलेले असते. एक अंश म्हणजे १००० मीटरवर साधारण १७.५ मीटर. आठ पटींच्या दुर्बिणीत हे क्षेत्र सहसा ११० ते १४० मीटर असते, तर दहा पटींच्या दुर्बिणीत ते बहुधा ९५ ते ११५ मीटरवर येते.

कागदावर किरकोळ वाटणारा हा फरक झाडाखाली उभे राहिल्यावर जाणवतो. वीस मीटरवर फुललेला पांगारा आहे आणि त्यात शिंजीर शिरला आहे, असे समजू. १३० मीटर दृष्टिक्षेत्राच्या दुर्बिणीत त्या झाडाचा सुमारे २.६ मीटर रुंदीचा गोल दिसतो. १०५ मीटरवाल्या दुर्बिणीत २.१ मीटरचा. क्षेत्रफळाने पाहिले तर पहिला गोल दीडपट मोठा आहे. शिंजीर एका फुलावर दोन-तीन सेकंदही टिकत नाही. फांदी शोधेपर्यंत तो पुढच्या फांदीवर गेलेला असतो. इथे दहा पटींनी मोठा पण निसटलेला पक्षी आठ पटींनी दिसलेल्या पक्ष्यापुढे काहीच कामाचा नाही. सुभग, शिंपी, वटवट्या अशा चुळबुळ्या पक्ष्यांच्या बाबतीत हेच घडते.

विवर्धन कमी असले की चित्राची खोलीही वाढते. झाडाच्या पुढच्या फांदीवरून मागच्या फांदीवर गेलेला पक्षी आठ पटींत बऱ्याचदा स्पष्टच राहतो. दहा पटींत तेवढ्यासाठी फोकसचे चाक पुन्हा फिरवावे लागते.

दहा पटींची दुर्बीण उपयोगी पडते ती उघड्यावर. भिगवणला उजनीच्या पसरलेल्या पाण्यावर, ठाण्याच्या खाडीत चिखलावर उतरलेल्या किनारपक्ष्यांसाठी किंवा माळावर दूरच्या दगडावर बसलेल्या ससाण्यासाठी दोन पटी जास्त मिळाल्या तर ओळख पटायला मदत होते. कर्नाळ्याच्या जंगलात, सिंहगडाच्या पायथ्याच्या ओढ्याशी किंवा घराजवळच्या बागेत आठच बरी. जिथे-तिथे एकच दुर्बीण वापरायची असेल आणि ती पहिलीच असेल, तर जगभरचे पक्षीनिरीक्षक आठ पटींकडेच बोट दाखवतात.

प्रकाशाची चकती

दुर्बीण हातभर दूर धरून उजेडाकडे रोखली की प्रत्येक नेत्रिकेत, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगात, प्रकाशाची एक छोटी गोल चकती तरंगताना दिसते. दुर्बिणीतून डोळ्यात जाणारा सगळा प्रकाश या चकतीतून बाहेर पडतो. तिचा व्यास काढायला साधा भागाकार पुरतो : पुढच्या भिंगाचा व्यास भागिले विवर्धन. ८×४२ ची चकती ५.२५ मिलिमीटरची, १०×४२ ची ४.२, ८×३२ ची ४ आणि खिशात मावणाऱ्या १०×२५ ची अवघी २.५ मिलिमीटरची.

माणसाच्या डोळ्याची बाहुली लख्ख उन्हात दोन ते तीन मिलिमीटरपर्यंत आकसते आणि अंधारात विस्तारते. तरुणपणी ती सात मिलिमीटरपर्यंत उघडू शकते. वय वाढते तसा हा विस्तार कमी होतो. भर दुपारी १०×२५ सुद्धा पुरेशी उजळ वाटते, कारण बाहुलीच तेवढी लहान झालेली असते. पण पक्षी पाहण्याची वेळ दुपार नव्हे. पहाटेच्या धूसर उजेडात किंवा दाट सावलीत बाहुली चार-पाच मिलिमीटर उघडलेली असते आणि दुर्बीण तिला अडीच मिलिमीटरचीच चकती देते. मग फांदीवरचा पक्षी नुसता काळा ठिपका दिसतो, छातीवरचा रंग कळत नाही. शिवाय लहान चकतीवर डोळा अगदी नेमका बसवावा लागतो. मान जरा हलली की चित्र काळे पडते. मोठी चकती अशा चुका सांभाळून घेते.

४२ मिलिमीटरचे भिंग ३२ मिलिमीटरच्या भिंगापेक्षा सुमारे १.७ पट प्रकाश गोळा करते. त्याचा मोबदला वजनात द्यावा लागतो. सरळ नळ्यांची, म्हणजे रूफ प्रकारची, ८×४२ दुर्बीण साधारण ६०० ते ७५० ग्रॅमची असते, ८×३२ बहुधा ४५० ते ५५० ग्रॅमची. दिवसभर पायपीट करणाऱ्याला, मान दुखणाऱ्याला किंवा मुलांना ८×३२ सोयीची. बाकीच्यांसाठी ८×४० किंवा ८×४२ हे मधले आणि भरवशाचे माप.

पोरो आणि रूफ

पुढच्या भिंगातून येणारे चित्र उलटे असते. ते सरळ करण्यासाठी प्रत्येक नळीत काचेचे लोलक, म्हणजे प्रिझम, बसवलेले असतात. हे प्रिझम कोणत्या पद्धतीचे, यावरून दुर्बिणींची दोन घराणी पडतात.

पहिले पोरो. इग्नाझिओ पोरो या इटालियन तंत्रज्ञाने या रचनेचे पेटंट १८५४ मध्ये घेतले. पुढे जर्मनीतल्या झाइस कंपनीने १८९४ मध्ये तिच्यावर आधारलेल्या दर्जेदार दुर्बिणी बाजारात आणल्या. पोरो दुर्बीण लांबूनही ओळखू येते : पुढची भिंगे डोळ्यांपेक्षा जास्त अंतरावर असतात आणि नळीला मध्ये खांदा पडलेला असतो. दुसरे घराणे रूफ. यात नळ्या सरळ असतात आणि पुढचे भिंग डोळ्याच्या रेषेत येते. दिसायला सुटसुटीत, हातात धरायला सोपी आणि पाणी-धूळ अडवायला सोयीची म्हणून आज बाजार रूफ दुर्बिणींनी भरला आहे.

बेताच्या बजेटात मात्र जुन्या घराण्याचे पारडे जड ठरते. पोरो प्रिझममध्ये प्रकाश काचेच्या आतल्या पृष्ठभागावरून पूर्णपणे परावर्तित होतो. त्यासाठी आरशाचा मुलामा लागत नाही. सर्वसाधारण रूफ प्रिझमच्या एका पृष्ठभागावर आरसा चढवावाच लागतो. तो साध्या ॲल्युमिनियमचा असेल तर जवळपास दहावा हिस्सा प्रकाश तिथेच गळतो. चांदीचा मुलामा त्याहून बरा, आणि अनेक पदरी डायइलेक्ट्रिक लेप सर्वांत चांगला, पण महाग. शिवाय रूफ प्रिझममध्ये छपरासारख्या कडेवर प्रकाश दोन भागांत विभागला जातो आणि पुन्हा एकत्र येताना त्याच्या लहरींचा मेळ चुकतो. परिणामी पिसांवरच्या बारीक रेषा पुसट होतात. हा दोष घालवणारा फेज कोटिंग नावाचा लेप झाइसने १९८८ मध्ये आणला. आज मध्यम किमतीच्या बऱ्याच दुर्बिणींत तो असतो. अगदी स्वस्त रूफ दुर्बिणीत मात्र नसतो.

म्हणून दहा हजारांच्या आत चित्राची गुणवत्ता महत्त्वाची असेल, तर चांगल्या कंपनीची पोरो दुर्बीण त्याच किमतीच्या रूफ दुर्बिणीला सहसा मागे टाकते. पुढची भिंगे एकमेकांपासून लांब असल्याने पोरोतून पुढची फांदी आणि मागची फांदी यांतली खोलीही जास्त उठून दिसते. पोरोची उणी बाजू अशी की या किमतीत ती बहुधा जलरोधक नसते, आकाराने रुंद असते आणि अगदी जवळचे पाहताना दोन्ही डोळ्यांची चित्रे जुळवणे तिला जड जाते. कोकणात किंवा गोव्यात ऐन पावसात भटकणाऱ्याने हा हिशेब वेगळा मांडावा.

काच आणि लेप

लेप न दिलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. एका पृष्ठभागापुरते हे नुकसान नगण्य, पण भिंगे आणि प्रिझम मिळून एका नळीत हवेला लागणारे दहा ते सोळा पृष्ठभाग असू शकतात. सोळा पृष्ठभागांवर प्रत्येकी चार टक्के गेले तर डोळ्यापर्यंत जेमतेम निम्मा प्रकाश पोहोचतो. वर हा परतलेला प्रकाश नळीतच भटकत राहतो आणि चित्रावर पांढुरकी धूसरता आणतो. चांगल्या बहुपदरी लेपाने प्रत्येक पृष्ठभागावरचे नुकसान अर्ध्या टक्क्यावर आणले तर सोळा पृष्ठभागांनंतरही नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकाश शिल्लक राहतो. परावर्तनरोधक लेप मुळात झाइसमधल्या अलेक्झांडर स्माकुला या शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये विकसित केला.

खोक्यावरचे शब्द इथे नीट वाचावे लागतात. ‘कोटेड’ म्हणजे काही पृष्ठभागांवर एकपदरी लेप. ‘फुली कोटेड’ म्हणजे सगळ्यांवर, पण एकपदरीच. ‘मल्टिकोटेड’ म्हणजे काही पृष्ठभागांवर बहुपदरी. ‘फुली मल्टिकोटेड’ म्हणजे सगळ्या पृष्ठभागांवर बहुपदरी लेप. पक्षीनिरीक्षणासाठी शेवटचा शब्द शोधावा.

छापील शब्दांवर विश्वास नसेल तर ट्यूबलाइटखाली दुर्बीण तिरपी धरून पुढच्या भिंगात पाहावे. ट्यूबची एकामागे एक अनेक प्रतिबिंबे दिसतात. ती मंद हिरवट, जांभळट असतील तर लेप आहे. एखादे पांढरेशुभ्र असेल तर तो पृष्ठभाग उघडा राहिला आहे. लालभडक चमकणारी भिंगे मात्र टाळावीत. तो लेप लाल प्रकाश बाहेरच परतवतो, त्यामुळे सगळे चित्र हिरवट-निळसर दिसते. लालबुड्या बुलबुलाच्या शेपटीखालचा लाल रंगच फिका पडणार असेल, तर त्या चमकेचा पक्षीनिरीक्षकाला उपयोग नाही.

प्रिझमच्या काचेचीही दोन नावे खोक्यावर दिसतात : बीके-७ आणि बाक-४. दुसरी काच प्रकाश जास्त वाकवते, त्यामुळे कडेचे किरणही पूर्ण परावर्तित होतात. याचीही परीक्षा घरगुती आहे. दुर्बीण हातभर दूर धरून प्रकाशाची चकती निरखावी. ती स्वच्छ गोल असेल तर बाक-४ असण्याचा संभव जास्त. गोलाच्या कडा राखाडी पडून मधला उजळ भाग चौकोनी वाटत असेल तर प्रिझम हलक्या काचेचा किंवा आकाराने अपुरा आहे.

‘ईडी’ ही तिसरी खूण. पांढऱ्या आकाशापुढे बसलेल्या काळ्या कोतवालाच्या कडेला साध्या भिंगातून जांभळी किंवा हिरवी किनार दिसते. ईडी काच ती बरीच कमी करते. ही काच असली तर चांगलेच, पण कमी किमतीत तिच्यासाठी लेपांशी तडजोड करू नये. जांभळ्या किनारीपेक्षा धूसर चित्र जास्त त्रास देते.

चष्मा असेल तर

नेत्रिकेपासून किती दूर डोळा ठेवला तरी पूर्ण चित्र दिसते, त्या अंतराला ‘आय रिलीफ’ म्हणतात. चष्मा लावणाऱ्याचा डोळा काचेमुळे आधीच मागे असतो. त्याला किमान १५ मिलिमीटर, शक्यतो १७ किंवा जास्त आय रिलीफ लागतो. तो कमी असेल तर खिडकीपासून मागे सरकून बाहेर पाहावे तसे चित्र आक्रसते आणि पैसे मोजलेले दृष्टिक्षेत्र हातचे जाते. स्वस्त, रुंद दृष्टिक्षेत्राच्या पोरो दुर्बिणींत हे अंतर अनेकदा १२ मिलिमीटरच्या आसपास असते. चष्मेवाल्यांनी घ्यायच्या आधी हा आकडा पाहिलाच पाहिजे.

फक्त जवळचा किंवा लांबचा नंबर असणाऱ्याला चष्मा काढूनही पाहता येते. फोकसचे चाक ती कसर भरून काढते. डोळ्यांत तिरपा नंबर असेल तर मात्र चष्मा हवाच. नेत्रिकेभोवतीची रबरी वाटी चष्म्यासह पाहताना आत बसवायची असते आणि चष्म्याशिवाय पाहताना बाहेर काढायची. फिरवून वर-खाली होणारी वाटी दुमडायच्या वाटीपेक्षा जास्त टिकते.

जवळचे आणि ओले

दुर्बिणीतून सर्वांत जवळचे किती अंतरावर स्पष्ट दिसते, हाही आकडा पाहण्यासारखा असतो. रूफ दुर्बिणींत तो दोन-तीन मीटर, साध्या पोरोंत चार-पाच मीटर असतो. पायवाटेशेजारच्या झुडपातला वटवट्या किंवा फुलावरचे फुलपाखरू पाहायचे तर दोन मीटरची सोय उपयोगी पडते. पेंटॅक्सची पॅपिलिओ ही ६.५×२१ दुर्बीण तर अर्ध्या मीटरवरचे फुलपाखरूही स्पष्ट दाखवते. तिचे भिंग लहान असल्याने पहाटेच्या पक्ष्यांसाठी मात्र ती पहिली निवड ठरत नाही.

जलरोधक दुर्बिणीच्या सांध्यांत रबरी कड्या असतात आणि आत नायट्रोजन भरलेला असतो. कोरड्या वायूमुळे आतल्या बाजूने धुके धरत नाही. ‘आयपीएक्स ७’ असे लिहिले असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास राहूनही आत पाणी शिरू नये, अशी ती कसोटी असते. नुसते ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे शिंतोड्यांपुरते संरक्षण.

किती पैशांत काय?

किमती वरखाली होतात, पण टप्पे साधारण ठरलेले आहेत. तीन-चार हजारांच्या खाली मिळणाऱ्या बहुतेक दुर्बिणी पक्षीनिरीक्षणाच्या नसतातच. त्यांतल्या अनेकांवर ३०×६० किंवा याहून मोठे आकडे छापलेले असतात. त्यांचा खरेपणा शाळेच्या पट्टीने तपासता येतो. पुढच्या भिंगाचा व्यास मोजावा. ६० मिलिमीटर छापलेले असून तो २२ च भरतो, असे सहज घडते. मग प्रकाशाची चकती मोजावी. ती पावणेतीन मिलिमीटर भरली तर २२ भागिले २.७५, म्हणजे विवर्धन तीसऐवजी आठच.

पाच ते दहा हजारांचा टप्पा पोरोंचा. ऑलिंपसची ८×४० एस आणि निकॉनची अ‍ॅक्युलॉन ८×४२ या इथल्या ठरलेल्या दुर्बिणी. दोन्हींचे दृष्टिक्षेत्र १००० मीटरवर १४० मीटरच्या आसपास, म्हणजे ऐसपैस. दोन्ही ७०० ग्रॅमच्या वर, दोन्ही जलरोधक नाहीत आणि दोन्हींचा आय रिलीफ सुमारे १२ मिलिमीटर. चष्मा नसलेल्या नवशिक्याला एवढ्या पैशांत याहून उजळ आणि रुंद चित्र मिळणे कठीण.

दहा ते पंधरा हजारांत जलरोधक रूफ दुर्बिणी सुरू होतात. निकॉनच्या प्रोस्टाफ पी-३ आणि सेलेस्ट्रॉनच्या नेचर डीएक्स या मालिकांतल्या ८×४२ दुर्बिणी या गटातल्या. प्रोस्टाफचा आय रिलीफ २० मिलिमीटरच्या आसपास असल्याने चष्मेवाल्यांना ती जमते. पावसात फिरणाऱ्यांसाठी आणि चष्मेवाल्यांसाठी पहिली दुर्बीण इथून घेणे सोयीचे.

पंधरा ते तीस हजारांत फेज कोटिंग, डायइलेक्ट्रिक आरसा आणि ईडी काच एकत्र मिळू लागतात. निकॉनची मोनार्क एम-५ किंवा व्होर्टेक्सची डायमंडबॅक एचडी या वर्गातल्या. इथवर प्रत्येक वाढीव हजाराचा फरक डोळ्याला दिसतो. त्यापुढे सुधारणा चालू राहते, पण फरक बारीक होत जातो आणि किंमत झपाट्याने चढते.

तीन प्रकार कोणत्याही किमतीत टाळावेत. पहिला झूम दुर्बिणीचा : विवर्धन बदलणाऱ्या यंत्रणेमुळे दृष्टिक्षेत्र अरुंद होते, चित्र मंदावते आणि दोन नळ्या एकमेकींशी जुळलेल्या राहत नाहीत. दुसरा, फोकसचे चाकच नसलेल्या दुर्बिणीचा : जवळचा पक्षी तिच्यात स्पष्ट होत नाही. तिसरा, साध्या काचेच्या दुर्बिणीवर ‘नाइट व्हिजन’ लिहिलेला : अंधारात पाहायला इलेक्ट्रॉनिक यंत्रणा लागते, ती साध्या दुर्बिणीत नसते.

घेताना तपासणी

एकाच मॉडेलच्या दोन दुर्बिणींतही फरक असू शकतो, म्हणून शक्य असेल तर दुकानात हाताळून आणि दाराबाहेर उजेडात पाहूनच घ्यावी. ऑनलाइन मागवली तर परत करण्याची मुदत संपायच्या आत हीच तपासणी घरी करावी.

आधी मधला सांधा वाकवून दोन नेत्रिकांतले अंतर डोळ्यांच्या अंतराशी जुळवायचे. दोन वेगळ्या वर्तुळांचे एकच वर्तुळ दिसले की ते जुळले. बहुतेक दुर्बिणींत हे अंतर ५६ ते ७२ मिलिमीटरपर्यंत बदलते; लहान मुलांचे डोळे याहून जवळ असतात, म्हणून मुलासाठी घेताना त्यालाच बरोबर न्यावे.

मग दोन डोळ्यांचा मेळ. उजव्या नळीचे तोंड हाताने झाकून, डाव्या डोळ्याने दूरची पाटी वाचता येईपर्यंत मधले चाक फिरवावे. नंतर डावे तोंड झाकावे आणि चाकाला हात न लावता उजव्या नेत्रिकेवरची कडी फिरवून तीच पाटी उजव्या डोळ्याला स्पष्ट करावी. एकदा बसवलेली ही कडी पुन्हा हलवावी लागत नाही. अनेकांना दुर्बीण खराब वाटते, कारण ही कडी त्यांनी कधी लावलेलीच नसते.

यानंतर जुळणीची परीक्षा. दूरच्या विजेच्या आडव्या तारेवर दुर्बीण रोखून ती डोळ्यांपासून हळूहळू वीतभर मागे न्यावी. दोन्ही वर्तुळांत तार एकाच उंचीवर राहिली तर नळ्या समांतर आहेत. एका वर्तुळात ती वर आणि दुसऱ्यात खाली गेली, तर ती दुर्बीण घेऊ नये. डोळे सुरुवातीला ती चूक ओढूनताणून भरून काढतात आणि अर्ध्या तासाने डोके दुखू लागते.

फोकसचे चाक बोटाने सहज पण घट्ट फिरावे. उलट दिशेला फिरवताना चित्र हलायच्या आधी चाक नुसतेच फिरत असेल तर आत ढिलाई आहे. दुर्बीण कानाशी हलवल्यावर खडखड ऐकू येऊ नये. जुनी घ्यायची असेल तर टॉर्चच्या उजेडात भिंगांच्या आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे दिसले तर ती बुरशी होय.

वापर आणि निगा

पक्षी दिसला की खाली पाहून दुर्बीण शोधू नये. नजर पक्ष्यावर खिळलेली ठेवून दुर्बीण डोळ्यांसमोर आणायची. नवशिक्यांचे निसटलेले बरेच पक्षी एवढ्या सवयीने हाती लागतात. चाक आधीच मधल्या अंतरावर आणून ठेवले तर आणखी वेळ वाचतो. पातळ पट्टा मानेला काचतो. त्याऐवजी खांद्यांवरून पाठीवर जाणारा पट्टा घेतला तर ७०० ग्रॅमही जड वाटत नाहीत. आकाशात घिरट्या घालणाऱ्या घारीमागे दुर्बीण फिरवताना सूर्याच्या दिशेची खबरदारी घ्यावीच लागते. दुर्बिणीतून क्षणभर पाहिलेला सूर्यही डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा करू शकतो.

भिंग पुसण्याआधी फुंकणीने किंवा मऊ ब्रशने धूळ उडवावी. शर्टाच्या टोकाने घासलेला एक कण लेपावर ओरखडा पाडून जातो. धूळ गेल्यावरच मायक्रोफायबरच्या फडक्याने हलक्या हाताने गोल पुसावे.

महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनारपट्टीवर दुर्बिणीचा खरा शत्रू पावसाळ्यातली दमट हवा. कपाटातल्या बंद चामडी पिशवीत ठेवलेल्या, जलरोधक नसलेल्या दुर्बिणीत बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो. बुरशी लेप खात काचेपर्यंत जाते आणि ती काढण्याचा दुरुस्तीखर्च अनेकदा स्वस्त दुर्बिणीच्या किमतीएवढा होतो. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढ्याने हे टळते. पुड्यांतले रंगीत दाणे रंग बदलू लागले की त्या वाळवून किंवा बदलून टाकाव्यात. पाच-दहा हजारांच्या पोरो दुर्बिणीचा हिशेब मांडताना या डब्याचे शंभर-दोनशे रुपयेही तिच्या किमतीतच धरावेत.